एमसीबी पडतो तेव्हा तो काय सांगत असतो?

नवा फ्रीज घ्यायचा ठरला की घरात चर्चा होते. किंमत किती, हप्ता किती बसेल, दारातून आत जाईल का, स्वयंपाकघरात कोणत्या कोपऱ्यात मावेल. घराच्या वायरिंगला हा भार पेलवेल का, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. दाराच्या वर, जिन्याखाली किंवा चपलांच्या रॅकमागे भिंतीवर एक पेटी असते. तिच्यावर कॅलेंडर लटकते, तिच्या झाकणात किल्ल्या नि बिले खोचलेली असतात. लाइट गेली की तेवढ्यापुरती तिची आठवण होते. या महिन्यात आपण तिच्याकडे जरा नीट पाहू या.

बटण का पडते?

दहावीच्या विज्ञानात 'विद्युतधारेचे परिणाम' हा धडा आहे. वीजप्रवाहाने तार तापते आणि तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते, हे आम्ही शिक्षक त्यात शिकवतो. पेटीतल्या एमसीबीत हे दोन्ही परिणाम कामाला लावलेले आहेत. आत दोन धातूंची एक पट्टी असते. भार वाढला की ती तापून वाकते आणि बटण पाडते. शॉर्टसर्किट झाले, तर पट्टी तापण्याआधीच आतले विद्युतचुंबक क्षणात बटण पाडते.

भार किती होतो, ते घरीच काढता येते. उपकरणावर लिहिलेल्या वॅटला 230 ने भागा, अँपिअर मिळतात. 2000 वॅटचा गिझर साधारण 8.7 अँपिअर घेतो. तेवढ्याच वॅटची इंडक्शन शेगडी तितकेच घेते. 1000 वॅटची इस्त्री 4.3 घेते. थंडीतल्या रमजानमध्ये सेहरीच्या वेळी एक जण वजूसाठी गिझर लावतो, शेगडीवर सालन गरम होत असते आणि शाळेचा युनिफॉर्म इस्त्रीखाली असतो. हे सगळे एकाच लाइनवर असेल तर बेरीज जवळजवळ 22 होते आणि लाइनला एमसीबी असतो 16 चा. तो लगेच पडेलच असे नाही. पट्टी तापायला वेळ लागतो. मग नेमका घाईच्या वेळी तो पडतो आणि घरात वैताग होतो.

खरी चूक यानंतर घडते. ओळखीच्या कुणाला तरी बोलावले जाते आणि तो म्हणतो, "भाईजान, 32 चा टाकून देतो, परत पडणार नाही." बटण पडायचे थांबते हे खरे. पण भिंतीतली तार जुनीच राहते. पॉवर प्लगसाठी घरात साधारण 2.5 चौरस मिलिमीटरची तार टाकतात आणि 16 चा एमसीबी त्या तारेला सांभाळण्यासाठी बसवलेला असतो. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते, हे गणितही त्याच धड्यातले. ती उष्णता प्लास्टरच्या आत, कुणाच्या नजरेस न पडता, तारेवरचे प्लास्टिक कडक आणि ठिसूळ करत राहते. जुन्या घरांत किटकॅट फ्यूजमध्ये तांब्याचे दोन-तीन पदर एकत्र पिळून घालतात, तो प्रकारही असाच.

एमसीबी वारंवार पडत असेल तर गिझर, एसी, शेगडी यांना पेटीपासून वेगळी लाइन आणि वेगळा एमसीबी घ्यावा. साधारणपणे दिव्यांच्या लाइनला 6 किंवा 10, पॉवर प्लगला 16 आणि 4 चौरस मिलिमीटरच्या तारेला 20 चा एमसीबी असतो. आधी तार पाहायची, मग तिला साजेसा एमसीबी.

माणसाला वाचवणारे बटण वेगळे

एमसीबी असला की शॉक लागणार नाही, असा अनेक घरांत समज आहे. एमसीबी तारेला सांभाळतो. ओल्या हाताने वॉशिंग मशीनला स्पर्श झाला आणि शरीरातून वीज जमिनीत गेली, तर 16 चा एमसीबी पडणार नाही. माणसाचा जीव जायला त्याच्या कितीतरी कमी प्रवाह पुरतो.

त्यासाठी आरसीसीबी असतो. याला काही जण अजून ईएलसीबी म्हणतात. आकाराने तो थोडा रुंद असतो आणि त्यावर 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेले छोटे बटण असते. घरात गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह तो सतत ताडून पाहतो. दोन्हींत 30 मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज कुठून तरी गळत आहे, की तो क्षणात लाइन तोडतो. 10 वॅटचा एलईडी दिवा यापेक्षा जास्त प्रवाह घेतो, यावरून 30 मिलिअँपिअर किती कमी ते लक्षात येईल. घरासाठी घेताना त्यावर 30 एमए लिहिले आहे ना, ते बघावे. 100 किंवा 300 चेही मिळतात, पण माणसाच्या संरक्षणासाठी 30 चाच हवा.

महिन्यातून एकदा ते टेस्ट बटण दाबा. त्याआधी संगणक बंद करा. आरसीसीबी ताबडतोब पडला पाहिजे. पडला नाही तर तो बदलायला झाला. मात्र या बटणाने फक्त ते उपकरण तपासले जाते, घराचे अर्थिंग नव्हे. अर्थिंग वायरमनकडून वेगळे मोजून घ्यावे लागते.

पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीमुळे किंवा गिझरची कॉइल खराब झाल्यामुळे आरसीसीबी सारखा पडतो. मग कंटाळून काही जण तो वगळून थेट लाइन जोडून घेतात. तसे करू नका. सगळे प्लग काढा, आरसीसीबी वर करा आणि एकेक उपकरण लावत जा. ज्याच्यावर तो पडेल त्यात दोष आहे. सगळे प्लग काढूनही पडत असेल तर दोष वायरिंगमध्ये आहे आणि ते काम वायरमनचे.

झाकण न उघडता काय पाहावे?

पेटीचे पुढचे छोटे दार उघडून एमसीबी पाहता येतात. स्क्रूने बसवलेले आतले झाकण आपण काढायचे नाही. मेन बंद केला तरी त्याच्या वरच्या टोकाला मीटरकडून आलेली वीज असतेच. इन्व्हर्टर असेल तर त्याची लाइनही चालू राहते.

बाहेरून मात्र बरेच कळते. एमसीबीच्या कडेला तपकिरी डाग किंवा वितळलेले प्लास्टिक दिसते का? जळकट किंवा माशासारखा वास येतो का? रात्री घर शांत असताना पेटीतून गुणगुण किंवा तडतड ऐकू येते का? पेटी हाताला गरम लागते का? मिक्सर लावला की दुसऱ्या खोलीतला दिवा मंद होतो का? यातली बरीचशी लक्षणे सैल जोडाची असतात. स्क्रू ढिला झाला की तेथे रोध वाढतो आणि तेवढीच जागा तापते. भार नेहमीचाच असल्यामुळे एमसीबीला ते कळत नाही. डाग, वास किंवा तडतड आढळली तर ती लाइन बंद करून वायरमनला बोलवा.

भिवंडी-मालेगावकडे खाली लूम आणि वर घर असते. तेथे पेटीवर बसलेला कापसाचा भुगा लाइन बंद करून कोरड्या ब्रशने झटकत राहावे. कोकणात आखातातून भावाने आणलेली इस्त्री किंवा मिक्सर असतो. त्याच्या चपट्या तीन पिनांसाठी आपण अडॅप्टर लावतो, पण पुष्कळ अडॅप्टरमध्ये अर्थचा जोडच नसतो. अशा उपकरणाला आपल्याकडचा तीन पिनांचा आयएसआय प्लग बसवून घ्या.

वायरमनकडून काय करून घ्यावे?

परवाना असलेला वायरमन किंवा विद्युत ठेकेदार बोलवा. मीटरपर्यंतची जबाबदारी वीज कंपनीची आणि मीटरनंतरची आपली. मीटरच्या सीलला कुणालाही हात लावू देऊ नका. त्याच्याकडून पेटीतले सगळे स्क्रू घट्ट करून घ्या, प्रत्येक एमसीबी तारेच्या जाडीशी जुळतो का ते पाहून घ्या, मेगर लावून तारांचे इन्सुलेशन तपासून घ्या आणि अर्थिंग मोजून घ्या. लाकडी पट्टीवरून गेलेली जुनी वायरिंग असेल तर ही तपासणी पुढे ढकलू नका. नवी तार घेताना आयएस 694 आणि आयएसआय चिन्ह पाहावे. अर्थची तार हिरवी आणि न्यूट्रल काळी असते. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात अधूनमधून पाणी घालावे. घर भाड्याचे असेल तर दोष लिहून घरमालकाला द्या, तोंडी सांगितलेले मागे पडते.

घरातल्या सगळ्यांना माहीत हवे

प्रत्येक एमसीबीखाली चिठ्ठी लावा: 'गिझर', 'स्वयंपाकघर', 'पुढची खोली'. कुणाला शॉक लागून तो चिकटला तर त्याला हात लावायचा नाही, आधी मेन खाली करायचा. मेन दूर असेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला सोडवायचे. पेटीतून धूर आला तर पाणी टाकायचे नाही. हात पोहोचत असेल तर मेन बंद करायचा, सगळ्यांना घराबाहेर काढायचे आणि अग्निशमन दलाला 101 वर फोन करायचा. वीज कंपनीचा तक्रार क्रमांक 1912 आहे.

दिवसा घरात दादी असते, अम्मी असते, शाळेतून लवकर सुटलेली मुले असतात. मेन कुठे आहे आणि तो कसा खाली करायचा, हे त्यांना एकदा दाखवून, त्यांच्याच हाताने करवून घ्या. दादीचा हात तिथवर पोहोचत नसेल तर पेटीखाली एक मजबूत लाकडी स्टूल कायमचे ठेवा. आणि तो चपलांचा रॅक आजच तिथून हलवा.