हाड मोडलं की नुसतं मुरगळलं?

मागच्या महिन्यात आमच्या गटातल्या एक काकू न्हाणीत घसरल्या. पडताना हात टेकला आणि मनगट सुजलं. बोटं हलत होती, म्हणून आम्हीच म्हणालो, "मोडलं नाही, मुरगळलंय." तेल लावून चोळलंही. तिसऱ्या दिवशी एक्स-रे काढला, तर मनगटाजवळचं हाड मोडलेलं! बोटं हलली म्हणजे हाड शाबूत, असं नसतं. हे आम्हाला तेव्हा कळलं.

हाड मोडण्याचेही प्रकार असतात. कधी नुसती चीर जाते. सूज थोडी, पण दुखणं हटत नाही. लहान मुलांचं हाड ओल्या फांदीसारखं असतं. ते एका बाजूनं चिरतं, दुसऱ्या बाजूनं वाकतं. पोर पडल्यावर एक हात वापरेनासं झालं, तर लाड समजू नका. गाडीच्या अपघातात हाडाचे तुकडे होतात, मग बऱ्याचदा सळई किंवा पट्टी बसवावी लागते. मोडल्या जागी कातडी फाटली असेल तर धोका मोठा, कारण जंतू थेट हाडापर्यंत जातात. बाहेर आलेलं हाड आत ढकलू नका. स्वच्छ कापडानं झाका आणि 108 ला फोन करा.

पाळी गेल्यावर बायकांची हाडं ठिसूळ होत जातात. सासूबाई उभ्याउभ्या पडल्या, उठता येईना, एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, तर खुब्याचं हाड मोडलं असं समजा. त्यांना धरून चालवून बघू नका.

हात मोडल्यासारखा वाटला, तर पुठ्ठा किंवा फळी लावून, खालचा-वरचा सांधा हलणार नाही असं बांधा. फार आवळू नका. बोटं गार, निळी, बधिर पडली तर लगेच सैल करा. घट्ट कामट्या बांधून हात गमावायची वेळ येते.

आणि सगळ्यात आधी बांगड्या, अंगठी काढा. काकूंच्या हिरव्या बांगड्या सुजेत रुतल्या होत्या, दवाखान्यात वाढवाव्या लागल्या. हात मोडल्यापेक्षा त्याचंच त्यांना जास्त रडू आलं. सूज चढायच्या आधी साबण लावला असता, तर सहज उतरल्या असत्या. आता सहा आठवडे प्लास्टर आहे. त्यांचं पाणी आम्ही पाळीपाळीनं भरतो.