ब्रॉडबँडची कंपनी बदलण्यापूर्वी



हंगाम सुरू झाला की कार्यक्षेत्रातल्या रस्त्यांवर एक प्रकार हमखास घडतो. उसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली रस्त्यावरून आडव्या गेलेल्या केबलला अडकते, तार तुटते आणि वस्तीवरचं इंटरनेट बंद पडतं. पाचट पेटवताना बांधावरची केबल जळते ती वेगळीच. मग माणूस वैतागून म्हणतो, ही कंपनी नको, दुसरी घेऊ. घ्यावी की! पण आधी एक चौकशी जरूर करावी. तुटलेली तार जोडायला कोण येणार, आणि किती वेळात?

कारण खेडेगावात कंपनीचं नाव मोठं असलं तरी फायबर टाकणारा व दुरुस्त करणारा पुष्कळदा स्थानिक केबलवालाच असतो. बीएसएनएलची घरगुती फायबर सेवासुद्धा अनेक ठिकाणी अशा भागीदारांमार्फतच मिळते. दोन्ही कंपन्यांच्या तारा एकाच खांबावरून व एकाच माणसाकडून येत असतील, तर बिलावरचं नाव तेवढं बदलेल. तेव्हा जाहिरात बाजूला ठेवून त्या खांबावरच्या चार घरी विचारावं : मागच्या हंगामात किती वेळा बंद पडलं, किती दिवस पडलं, फोन उचलतात का?

कधी कधी दोष तारेत नसतोच. जुन्या दगडी भिंतीपलीकडे वायफाय पोचत नाही. राउटरशेजारी बसून वेग नीट मिळत असेल, तर राउटरची जागा बदलावी म्हणजे झालं.

मळ्यातल्या एकट्या घराला २०२३ पासून जिओ व एअरटेल यांची एअरफायबर सेवा हा एक मार्ग झाला आहे. घराबाहेर बसवलेलं यंत्र टॉवरवरून ५जी घेतं, तारेची कटकट राहत नाही. मात्र टॉवर लांब असला किंवा मध्ये दाट झाडी असली तर वेग घटतो.

दर सांगतील त्यात १८ टक्के जीएसटी धरला आहे का, आणि किती जीबीनंतर वेग कमी होतो, हे विचारून घ्यावं. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, अर्थात सुमारे साडेबारा मेगाबाइट. आकड्याला भुलू नये.

मोबाईलप्रमाणे नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय इथे नाही. जुन्या जोडणीवरचा लँडलाइन नंबर बँकेत दिला असेल तर तो आधी बदलावा. नवी जोडणी महिनाभर चालवून पाहावी, जुनी तोवर राहू द्यावी. महिन्याचं बिल जादा पडेल, पण मुलांचा अभ्यास अडणार नाही. सवलतीच्या लोभाने वर्षाचे पैसे आगाऊ भरू नयेत.

जुनी जोडणी लेखी अर्ज देऊनच बंद करावी. कंपनीचं यंत्र परत करताना पोच घ्यावी आणि वजनकाट्याच्या पावतीसारखी जपावी. अनामत रक्कम परत मागताना तीच कामी येते. दाद लागली नाही तर तक्रारीचा क्रमांक घेऊन त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनी ही सोय दिलेली आहे.