‘डिसरप्शन’ : मोर्चासाठी घडविलेला माहितीपट

माहितीपट बहुधा घटना घडून गेल्यावर तयार होतात. केली नाइक्स व जेरेड पी. स्कॉट दिग्दर्शित ‘डिसरप्शन’ हा माहितीपट मात्र घटनेच्या आधीच, दि. ७ सप्टेंबर २०१४ रोजी इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध करण्यात आला. दोनच आठवड्यांनी, दि. २१ सप्टेंबर रोजी न्यूयॉर्क येथे हवामानबदलाविषयी भव्य जनमोर्चा निघणार होता. त्याची पूर्वतयारी दाखवून प्रेक्षकालाच मोर्चात आणावे, हा या चित्रणाचा हेतू होता.

मोर्चाची गरज का भासली? संयुक्त राष्ट्रसंघाचे तत्कालीन सरचिटणीस बान की-मून यांनी दि. २३ सप्टेंबर रोजी राष्ट्रप्रमुखांची हवामान परिषद बोलाविली होती. त्यापूर्वी २००९ साली कोपनहेगन येथील परिषद बंधनकारक करार न करताच संपली होती. नेत्यांना केवळ शास्त्रज्ञांचे अहवाल हलवू शकत नाहीत, त्यांना जनतेचा आवाजही ऐकू यावा लागतो, हा बोध त्यातून झाला.

मोर्चाच्या आयोजकांत ‘३५०’ ही संस्था प्रमुख होती. हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे ३५० भाग ही सुरक्षित मर्यादा मानून तिने हे नाव घेतले. हवाई बेटांतील मौना लोआ वेधशाळेत १९५८ साली हे प्रमाण सुमारे ३१५ होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहे. कोळसा, तेल व वायू यांचे ज्वलन हे त्याचे मुख्य कारण होय.

प्रत्यक्ष मोर्चात आयोजकांच्या अंदाजानुसार तीन लाखांहून अधिक लोक चालले. स्वतः बान की-मूनही त्यात सहभागी झाले. विविध धर्मांचे श्रद्धावंत, कामगार, विद्यार्थी व शास्त्रज्ञ एकाच रस्त्यावर होते. पुढे दि. १२ डिसेंबर २०१५ रोजी पॅरिस करार संमत झाला. त्याचे श्रेय एकट्या मोर्चाला देणे योग्य ठरणार नाही. परंतु लोकमताचा तो रेटा नाकारताही येत नाही.

त्याच वर्षी पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रात हेच सूत्र मांडले : नागरिकांनी राजकीय सत्तेवर अंकुश ठेवला नाही, तर पर्यावरणाची हानी रोखता येणार नाही. पृथ्वीची काळजी घेणे हे आपले सामूहिक कर्तव्य आहे, असे आपण नेहमी म्हणतो. त्यासाठी एकत्र चालावेही लागते, हे हा माहितीपट आपणांस दाखवितो. म्हणून तो एकेकट्याने न पाहता मंडळींनी एकत्र बसून पाहावा व नंतर त्यावर मोकळी चर्चा करावी, असे आम्हांस वाटते.