सव्वादोन व्होल्टांची मुभा

काशीत मणिकर्णिकेहून उत्तरेला चालू लागलं की मराठी नावं ओळीनं भेटतात. बाजीराव घाट, मग बायजाबाई शिंद्यांनी 1830 साली बांधलेला शिंदे घाट, पुढे संकठा, गंगामहाल आणि नागपूरकरांचा भोसले घाट. यांतला संकठा घाट नावावरून मराठी वाटत नाही. तो ओळखला जातो वर गल्लीत असलेल्या संकठा देवीच्या देवळामुळे. पण 1825 च्या सुमारास त्याच्या पायऱ्या दगडात पक्क्या झाल्या त्या बेनीराम पंडितांच्या विधवेनं आणि पुतण्यांनी केलेल्या खर्चातून. बेनीराम हे नागपूरच्या भोसल्यांचे वकील. 1781 साली काशीचा राजा चेतसिंग याचं प्रकरण पेटलं आणि वॉरन हेस्टिंग्ज काशीतून चुनारला पळाला, तेव्हा त्याच्या हाती लाखभर रुपये ठेवायला निघालेले ते हेच.

हा इतिहास घाटावर फारसा कोणी काढत नाही. तिथली रोजची काळजी वेगळी असते, आणि पावसाळ्यात ती बॅटरीची असते.

वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी 71.262 मीटर. 1978 च्या पुरात पाणी 73.901 मीटरला टेकलं होतं. दरवर्षी इतकं चढत नाही, पण श्रावण-भाद्रपदात खालच्या पायऱ्या बुडतात, एका घाटावरून दुसऱ्या घाटावर जायची वाट बंद होते आणि प्रशासन नावा चालवायला मनाई करतं. नावा दोरखंडांनी बांधून ठेवल्या जातात. इंजिन डिझेलचं असो, की गेल्या काही वर्षांत शेकडो नावांना बसवलेलं सीएनजीचं, स्टार्टरसाठी आणि दिव्यांसाठी त्यात 12 व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असतेच. ती काढून घरात कोपऱ्यात ठेवली जाते. दोन-अडीच महिन्यांनी पाणी उतरतं, गिऱ्हाईक येऊ लागतं, आणि बॅटरी बसलेली असते.

तिला कोणी वापरलेलं नसतं, तरी ती बसते. लेड-ॲसिड बॅटरी नुसती ठेवली तरी आतल्या आत उतरत राहते. उष्मा वाढला की हा वेग वाढतो, साधारण 10 अंशांमागे दुप्पट होतो. उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे धरतात. सुरुवातीला ते बारीक असतात आणि चार्जिंगनं विरघळतात. आठवड्यांमागून आठवडे गेले की ते मोठे आणि हट्टी होतात. गास्ताँ प्लांते यानं 1859 साली ही बॅटरी बनवली तेव्हापासून तिचा हा दोष तिच्याबरोबर आहे. औषध एकच: तिला पूर्ण भरलेली ठेवायची, आणि भरल्यावर जास्त भरायची नाही. दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड आहे.

संकठा घाटामागच्या एका गल्लीत माझ्या मावसबहिणीचं सासर आहे. तिच्या दिरांच्या ओळखीचा एक नाववाला पावसाळ्यात आपल्या बॅटऱ्या त्यांच्या ओसरीवर ठेवतो, कारण त्याच्या घराशी पाणी येतं. त्या बॅटऱ्यांसाठी मी एक चार्जर बनवला. व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा, म्हणजे नॉबवाला. त्या नॉबविषयी इथे सविस्तर लिहितो, कारण चार्जर बनवताना सगळं डोकं त्यातच खर्च होतं.

बाजारातले जुने चार्जर पाहा. बॅटरीवाल्याच्या दुकानात पत्र्याचा मोठा डबा असतो, आत ट्रान्सफॉर्मर, त्याच्या सेकंडरीला टॅपिंग, पुढे रोटरी स्विच, जाड डायोडांचा ब्रिज, वर अँपिअरचा काटा. पाच-सहा बॅटऱ्या सिरीजमध्ये लावायच्या, स्विच एकेक घर पुढे सरकवायचा आणि काटा पाहायचा. हे यंत्र टिकाऊ आहे. समोर जाणकार माणूस बसला असेल तर उत्तमच. पण त्याला स्वतःचं मत नसतं. संध्याकाळी गल्लीत सगळ्यांचे पंखे चालू असताना 230 चे 200 व्होल्ट झाले की ते मंदावतं, आणि पहाटे 250 झाले की तीच वाढ पुढे ढकलतं. बॅटरीचा दाब आणि चार्जरचा दाब यांतला फरक मुळात थोडासाच असतो, म्हणून मेन्समध्ये दहा टक्के वाढ झाली तरी अँपिअरचा काटा त्याच्या कितीतरी पट उडी मारतो. सकाळी उठून पाहावं तर बॅटरी खदखदतेय आणि पाणी आटलंय.

काशीच्या जुन्या भागात 16 चौरस किलोमीटरमधल्या विजेच्या तारा आता जमिनीखाली गेल्या आहेत. डोक्यावरचं ते जाळं गेलं आणि पुरवठाही पूर्वीपेक्षा बरा झाला. तरीही पहाटेचं आणि संध्याकाळचं व्होल्टेज एक नसतं. म्हणून ट्रान्सफॉर्मरनंतर रेग्युलेटर हवा.

तो मी एलएम 338 घेतला. याचा धाकटा भाऊ एलएम 317 जास्त प्रसिद्ध. नॅशनल सेमीकंडक्टरमध्ये रॉबर्ट डॉबकिन यांनी 1976 साली तो आणला, आणि तीन पायांच्या एका तुकड्यातून 1.25 पासून 37 व्होल्टपर्यंत हवं ते काढायची सोय झाली. त्याआधी 5, 12, 15 अशा ठरीव व्होल्टेजचे रेग्युलेटर मिळत. मधलं काही हवं असेल तर खटपट करावी लागे. 317 दीड अँपिअर देतो, 338 पाच. दोघांची रीत एकच: आउटपुट आणि ॲडजस्ट या पायांमध्ये कायम सव्वा व्होल्ट ठेवायचा. तिथे एक रेझिस्टर लावला की त्यातून ठरलेला करंट वाहतो, आणि तोच करंट ॲडजस्ट आणि अर्थिंगमधल्या दुसऱ्या रेझिस्टरमधून गेला की त्यावर जो दाब पडतो तो सव्वा व्होल्टमध्ये मिळवायचा. दुसरा रेझिस्टर बदलता ठेवला की झाला नॉबवाला चार्जर.

पुस्तकातलं सर्किट इथे संपतं, आणि बहुतेक हौशी मंडळी इथेच पाच किलोओहमचा पॉट, म्हणजे नॉबनं बदलता येणारा रेझिस्टर, लावून मोकळी होतात. मला हे पटत नाही. नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला तर सव्वा व्होल्टपासून रेग्युलेटरला जमेल तितका दाब मिळणार, आणि 12 व्होल्टच्या बॅटरीला त्यातला जेमतेम दोन व्होल्टांचा पट्टा कामाचा. बाकी सगळा नॉब निरुपयोगी, वरचा भाग तर घातक. मी पहिला रेझिस्टर 120 ओहमचा घेतला, दुसऱ्याच्या जागी 1.1 किलोओहमचा पक्का रेझिस्टर, आणि त्याच्याशी सिरीजमध्ये फक्त 220 ओहमचा पॉट. हिशोब केला की एका टोकाला पावणेतेरा, दुसऱ्या टोकाला पंधरा व्होल्ट. पूर्ण नॉबला सव्वादोन व्होल्टांची मुभा. त्यामुळे दशांश व्होल्ट हातानं नीट लावता येतो, आणि कोणीही कसाही फिरवला तरी पंधराच्या वर जात नाही.

पॉटचं आणखी एक. त्याचा मधला सरकता पाय काही वर्षांनी धुळीनं, ओलाव्यानं सुटा होतो. घाटावर ओलावा भरपूर. तो पाय सुटला आणि वाट तुटली, तर रेग्युलेटर सगळा दाब बॅटरीवर सोडतो. म्हणून मधला पाय शेवटच्या पायाला डाग देऊन जोडून टाकायचा. मग तो सुटला तरी पूर्ण 220 ओहम मध्ये राहतात आणि व्होल्टेज पंधरावर थांबतं.

बॅटरी अगदी रिकामी असेल तर ती जमेल तितका करंट ओढते, म्हणून व्होल्टवाल्या 338 च्या आधी दुसरा 338 बसवला, अँपिअरवर लगाम ठेवायला. त्याच्यापुढे 0.39 ओहमचा 10 वॅटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर, म्हणजे 3.2 अँपिअरपेक्षा जास्त कधीच नाही. अर्धी उतरलेली 65 अँपिअर-अवरची बॅटरी रात्रभरात जवळजवळ भरते. घाई कोणाला आहे? ट्रान्सफॉर्मर 18 व्होल्ट, 5 अँपिअरचा. डीसी बाजूला तीन हवे असले तरी कपॅसिटर असलेल्या सर्किटमध्ये सेकंडरी दीडपटीहून जाड लागते, नाहीतर वाइंडिंग तापतं. कपॅसिटर 10,000 मायक्रोफॅरड.

उरलेला दाब उष्णता होऊन बाहेर पडतो. बॅटरी उतरलेली असताना दोन्ही 338 मिळून तीसेक वॅट. धातूच्या टोपीतल्या 338 ची टोपी हाच त्याचा आउटपुट असतो. दोन्ही एका हीटसिंकवर सरळ कसले तर शॉर्ट. मध्ये अभ्रकाची पातळ चकती, दोन्ही बाजूंना पांढरं मलम, स्क्रूला प्लॅस्टिकचं बूच, आणि कसून झाल्यावर मीटरनं तपासणी. अभ्रकाला चीर असेल तर ती डोळ्यांना दिसत नाही, मीटरला दिसते. जूनमध्ये ओसरीवर 45 अंश असताना हीटसिंकवर बोट टेकत नाही; तेव्हा 338 स्वतःच करंट कमी करतो. तशी सोय त्याच्या आतच आहे.

उन्हाळ्याचा खरा प्रश्न बॅटरीचा. भरलेली बॅटरी महिनोन्महिने लावून ठेवायची तर 25 अंशांना साधारण 13.6 व्होल्ट योग्य. तापमान एक अंशानं वाढलं की प्रत्येक सेलमागे 3 ते 4 मिलिव्होल्ट कमी करायचे, म्हणजे सहा सेलांना वीसेक मिलिव्होल्ट. आकडा क्षुल्लक वाटतो. पण 45 अंशांच्या जूनमध्ये हिशोब 13.2 च्या खाली-वर येतो, आणि पौषातल्या 10 अंशांच्या रात्री 13.9 पर्यंत जातो. डिसेंबरात लावलेला नॉब तसाच ठेवला तर मे महिन्यात बॅटरी उकळते; मे महिन्यात लावलेला तसाच राहिला तर थंडीत ती अर्धपोटी राहते आणि खडे धरतात. काशीच्या हवेत ठरीव व्होल्टेजचा चार्जर वर्षातले काही महिनेच बरोबर असतो.

नाववाल्याला हे समजावणं सर्किटपेक्षा जड गेलं. पुरानंतर तो बॅटरी न्यायला आला आणि म्हणाला, “भैया, थोड़ा और चढ़ा दीजिए, जल्दी भर जाएगी.” त्याला हायड्रोमीटर दाखवला. काचेच्या नळीत ॲसिड ओढलं, तरंगता काटा 1.260 वर. मेकॅनिक मंडळी याला ‘साडेबाराशेच्या वर ग्रॅव्हिटी’ म्हणतात. भरलीय, आता जास्त दाब दिला तर पाण्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होईल, बस. त्यानं सेलांमध्ये डोकावून बुडबुडे पाहिले आणि विचारलं, “ये गैस जलती है?” जळतो. हवेत चार टक्के झाला की ठिणगीनं भडकतो. म्हणून चार्जिंग बंद खोलीत नाही, ओसरीवर, आणि चिमटे काढायच्या आधी मेन्स बंद. त्यानंतर त्यानं नॉबला हात लावला नाही.

सल्फेट धरलेल्या बॅटरीला मात्र कधीतरी पंधरा व्होल्ट लागतात, काही तासांसाठी, पाणी तपासत, जवळ बसून. मुभेचं वरचं टोक त्यासाठीच ठेवलंय.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. मेन्स बंद असताना चिमटे तसेच राहिले तर त्या 120 ओहममधून दहा मिलिअँपिअर बॅटरीतूनच वाहतात, महिन्याला सात अँपिअर-अवर. पुढे शॉटकी डायोड लावला की हे थांबतं, पण डायोड आपला 0.4 व्होल्ट खातो, आणि तोही करंटप्रमाणे बदलता. सध्या डायोड लावलाय आणि व्होल्टेज त्याच्या पुढे मोजून लावतो.

मावसबहिणीच्या दिरांनी सुचवलं की तापमानाप्रमाणे आपोआप बदलणारा थर्मिस्टर लावा, मग नॉबची कटकटच नको. लावता येईल. पण थर्मिस्टर बॅटरीच्या टर्मिनलला बांधायला हवा, चार्जरच्या डब्यात ठेवून उपयोग नाही. आणि बॅटऱ्या या गल्लीतून खांद्यावरून येतात-जातात, तिथे ती बारीक वायर एक मोसम टिकणार नाही. म्हणून डब्याच्या झाकणावर रंगानं चार ओळी लिहून ठेवल्या आहेत: जेठ 13.2, सावन 13.4, कातिक 13.6, पूस 13.9.