एका निबंधाचा प्रवास : कर्करोग-संशोधन आणि त्याची नियतकालिके

झाशीच्या इलाइट चौराह्यावर असो किंवा मुंबईच्या परळ नाक्यावर असो, तंबाखूची पुडी विकत घेणाऱ्याच्या हाती तंबाखूबरोबर एक इशाराही येतो. तंबाखूमुळे कर्करोग होतो, असे त्या पुडीवर पूर्वी चित्रासह छापलेले असे. भारतात हा सचित्र इशारा ३१ मे २००९ पासून कायद्याने सक्तीचा झाला. परंतु हे विधान प्रथम कोणी केले, कशाच्या आधारावर केले, आणि ते खरे मानावे असे कसे ठरले? ते कोणा एका नामांकित वैद्याच्या शब्दावर उभे नाही. शास्त्रीय नियतकालिकांतून प्रसिद्ध झालेल्या आणि एकमेकांची पारख करणाऱ्या अनेक निबंधांवर ते उभे आहे. ही पारख कशी चालते, हे येथे थोडक्यात पाहावयाचे आहे.

नियतकालिक कशासाठी?

१६६५ साली लंडनमध्ये रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ हे नियतकालिक सुरू केले. त्यापूर्वी शास्त्रज्ञ आपले शोध बहुधा खाजगी पत्रांतून किंवा ग्रंथरूपाने कळवीत असत. नियतकालिकामुळे शोध लवकर जाहीर होऊ लागला, त्यावर तारीख पडू लागली आणि तो सर्वांसमोर टीकेसाठी खुला झाला. वर्तमानपत्र वार्ता देते. शास्त्रीय नियतकालिक वार्तेबरोबर ती तपासून पाहण्याची साधनेही देते. म्हणूनच शोधनिबंधात केवळ निष्कर्ष सांगून भागत नाही. रुग्ण किती होते, ते कसे निवडले, कोणती मोजमापे घेतली आणि आकडेमोड कशी केली, हे सारे लेखकाला मांडावे लागते.

मुंबईतील एक हजार रुग्ण

१९४१ साली परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. विड्याच्या सवयीचा आणि मुखाच्या कर्करोगाचा काही संबंध असावा, असा संशय त्यापूर्वीच व्यक्त झाला होता. त्रावणकोरातील विडा खाणाऱ्या रुग्णांविषयी आय. एम. ऑर यांचा निबंध १९३३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. खानोलकरांनी १९४४ साली ‘कॅन्सर रिसर्च’ या अमेरिकन नियतकालिकात मुंबईतील मुखकर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. हे हजार रुग्ण ओळीने आलेले होते, ही गोष्ट निबंधाच्या मथळ्यातच नमूद आहे. तिचे महत्त्व वाचकाने ध्यानात घ्यावे. रुग्ण वेचून घेतले, तर आपल्या मताला अनुकूल तेवढेच वेचले जाण्याचा धोका असतो. आले तसे घेतले, म्हणजे तो धोका बराच कमी होतो.

तथापि केवळ रुग्ण मोजून कारण सिद्ध होत नाही. समजा, शंभर रुग्णांपैकी ऐंशी जण तंबाखू खातात. त्याच वयाच्या व त्याच वस्तीतील शंभर निरोगी माणसांतही ऐंशी जण खात असतील, तर तंबाखूवर ठपका ठेवता येणार नाही. निरोगी माणसांत तीसच जण खात असतील, तर मात्र संशय बळावतो. अशा तुलनेवर आधारलेला निबंध एल. डी. संघवी, के. सी. एम. राव आणि खानोलकर यांनी १९५५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. तंबाखू ओढणे आणि तंबाखू चघळणे यांचा मुख, घसा व अन्ननलिका यांच्या कर्करोगांशी काय संबंध आहे, हा त्याचा विषय होता. याच नियतकालिकात १९५० साली डॉल आणि हिल यांनी धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविला होता. मुंबईचे संशोधन अशा रीतीने जगाच्या चर्चेत सामील झाले.

यापुढील प्रश्न साहजिकच असा होता, की सवय सोडली तर धोका टळतो काय? फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारताच्या ग्रामीण भागातील तंबाखू सेवन करणाऱ्या ३६,००० लोकांचा अभ्यास करून १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे उत्तर दिले. समजावून सांगितल्याने पुष्कळांनी तंबाखू सोडली किंवा कमी केली, आणि कर्करोगापूर्वी तोंडात उठणाऱ्या पांढऱ्या चट्ट्यांचे प्रमाण घटले. आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्थेने जगभरचे निबंध एकत्र तपासून १९८५ साली तंबाखूयुक्त विडा कर्करोगकारक ठरविला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तर तंबाखूवाचूनची सुपारीही कर्करोगकारक असल्याचा निर्णय तिने दिला.

परीक्षकांची चाळणी

निबंध नियतकालिकाकडे पोहोचला, की संपादक तो त्या विषयातील दोन-तीन तज्ज्ञांकडे धाडतो. हे परीक्षक बहुधा आपले नाव गुप्त ठेवतात आणि या कामाचा मोबदला सहसा घेत नाहीत. ते शंका काढतात, उणिवा दाखवितात, नवी माहिती मागतात. लेखकाने समाधान केले तर निबंध छापला जातो. न केले तर परत जातो.

आपल्या देशातील रोगांचे स्वरूप जाणणारे संपादक व परीक्षक आपल्याकडेच असावेत, हेही आवश्यक असते. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबईहून ‘इंडियन जर्नल ऑफ कॅन्सर’ सुरू केले, तेव्हा येथील संशोधकांना हक्काचे व्यासपीठ मिळाले.

छापले म्हणजे सिद्ध झाले काय?

नाही. परीक्षक कागद तपासतो. प्रयोग पुन्हा करून पाहत नाही. २०१२ साली ग्लेन बेग्ली आणि ली एलिस यांनी ‘नेचर’मध्ये एक अस्वस्थ करणारी हकीकत मांडली. एका औषधकंपनीतील शास्त्रज्ञांनी कर्करोगविषयक ५३ महत्त्वाचे निबंध पडताळून पाहिले. त्यांपैकी अवघ्या सहांचे निष्कर्ष पुन्हा मिळाले. याचा अर्थ उरलेल्या सर्वांनी लबाडी केली असा नव्हे. थोड्याच उंदरांवर केलेले प्रयोग, अनुकूल निकाल तेवढेच छापण्याची प्रवृत्ती, आणि निबंधांच्या संख्येवर बढती देण्याची पद्धत, अशी त्याची अनेक कारणे आहेत. त्यातच पैसे घेऊन वाटेल ते छापणारी, परीक्षणाचे केवळ सोंग करणारी नियतकालिकेही निघाली आहेत. कर्करोगाच्या बाबतीत अशा चुकीची किंमत अखेर रोग्यालाच मोजावी लागते.

यावर उपायही योजले जात आहेत. रुग्णांवरील औषधचाचणी सुरू होण्यापूर्वीच तिची नोंद करावी, म्हणजे प्रतिकूल निकाल दडपता येत नाही. भारतात अशी नोंदवही २००७ साली सुरू झाली व २००९ पासून नोंद सक्तीची झाली. चूक उघडकीस आल्यास निबंध जाहीरपणे मागे घेतला जातो. ही शास्त्राची नामुष्की नसून त्याच्या प्रामाणिकपणाची खूण होय.

नीट केलेल्या चाचणीने काय साधते, याचे उदाहरण पुन्हा परळचेच आहे. मुखकर्करोगाच्या आरंभीच्या अवस्थेत मानेतील ग्रंथी लगेच काढाव्यात, की त्यांत रोग दिसेपर्यंत थांबावे, याविषयी शल्यवैद्यांत दीर्घकाळ मतभेद होते. टाटा मेमोरियलमधील डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचे दोन गट चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे यदृच्छेने पाडले. २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पाचशे रुग्णांचा निकाल आला. ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनंतर शेकडा ८० जण हयात होते. थांबलेल्या गटात हे प्रमाण शेकडा ६७.५ होते.

हे ज्ञान वाचणार कोण?

अनेक नियतकालिकांची वर्गणी इतकी जबर असते, की ती सामान्य महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेर जाते. सार्वजनिक पैशातून झालेले संशोधन जनतेलाच वाचता येऊ नये, ही विसंगती होय. ‘पबमेड’ ही अमेरिकन सूची १९९७ पासून सर्वांना विनामूल्य खुली आहे. तीत निबंधांचे सारांश वाचता येतात. काही नियतकालिके संपूर्ण निबंधही विनामूल्य देतात, परंतु त्यांपैकी पुष्कळ छपाईचे शुल्क लेखकाकडून घेतात. भारत सरकारने २०२५ पासून सरकारी उच्च शिक्षणसंस्था व केंद्रीय संशोधनसंस्था यांच्यासाठी सुमारे १३,००० नियतकालिकांची सामाईक वर्गणी भरण्याची योजना सुरू केली. गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांचा मात्र तीत समावेश केलेला नव्हता.

तरीही सामान्य वाचक अगदीच असहाय नाही. कर्करोगावर रामबाण औषध सापडल्याची बातमी वाचली, तर त्याने चार प्रश्न अवश्य विचारावेत. हा शोध कोणत्या नियतकालिकात छापला आहे? प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर, आणि किती जणांवर? त्यांची तुलना कोणाशी केली? दुसऱ्या कोणी तो पडताळून पाहिला काय? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत आशा बाळगावी, परंतु चालू असलेले उपचार सोडू नयेत आणि घरदार गहाण टाकू नये.