कंपायलर सर्व्हरवर की आपल्याच डिस्कवर?

पन्नास संगणकांच्या प्रयोगशाळेत सी++चा कंपायलर ठेवायचा कुठे? सर्व्हरवर एकच प्रत ठेवली, की आवृत्ती एका जागी बदलते आणि सगळ्यांना तीच मिळते. सन मायक्रोसिस्टिम्सने 1984 मध्ये एनएफएस ही नेटवर्कवरून फाइली वापरण्याची पद्धत आणली, तेव्हा डिस्क लहान आणि महाग होत्या. ही सोय त्या काळी मोलाची होती.

आज एक गिगाबिटच्या नेटवर्कवरून सेकंदाला फार तर 125 मेगाबाइट येतात, तेही सर्व्हरच्या बाजूला सगळ्यांत वाटून. साधी साटा एसएसडी 500च्या आसपास देते. पण खरा घोळ वेगाचा नाही, हेलपाट्यांचा आहे. कंपायलर शेकडो छोट्या हेडर फाइली उघडतो आणि दर फाइलीमागे सर्व्हरकडे विचारणा करतो. महिन्याचा किराणा न भरता चिमूटभर मिठासाठीही दुकान गाठावं, तसं. त्यात प्रात्यक्षिकाच्या तासाला पन्नास जण एकदम ‘बिल्ड’ दाबणार!

मला मधला मार्ग पटतो. व्हिज्युअल स्टुडिओच्या इन्स्टॉलरमध्ये ‘लेआउट’ची सोय आहे: हवी ती पॅकेजेस एकदाच उतरवून सामायिक फोल्डरमध्ये ठेवायची आणि तिथून प्रत्येक संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर इन्स्टॉल करायची. मग दुपारी सर्व्हर रुसला तरी तास बुडत नाही. नवी आवृत्ती आली की यंत्रागणिक अपडेट करावं लागतं, हे खरं. पण ते रात्री एखाद्या स्क्रिप्टकडून उरकता येतं. लॅपटॉप घरी नेणाऱ्यांना तर स्थानिक इन्स्टॉलेशनच हवं.