नवे स्केट्स घेण्याआधी चाकं उघडून बघा

पावसाळ्यात माळ्यावर ठेवलेले स्केट्स दिवाळीच्या सुट्टीत खाली उतरतात आणि लगेच तक्रार सुरू होते, "बाबा, चाक फिरत नाही." गेल्या वर्षी आमच्याकडेही तेच झालं. मी वरून चार थेंब खोबरेल सोडून मोकळा झालो. संध्याकाळी उतारावर चाक अडकलं आणि मुलगी हातावर पडली. मनगटाला गार्ड होते म्हणून खरचटण्यावर निभावलं. चाक उघडलं तेव्हा आतलं बेअरिंग गंजलेलं दिसलं. त्यानंतर जे शिकलो, ते मंडळातल्या पालकांसाठी इथे देत आहे.

चाक कोणतं घ्यावं?

चाकावर बहुधा दोन आकडे असतात. ७६ मिमी, ८० मिमी हा व्यास. मोठं चाक वेग धरून ठेवतं, लहान चाकावर तोल सांभाळणं आणि वळणं सोपं जातं. मात्र फ्रेममध्ये बसेल त्यापेक्षा मोठं चाक घालू नये, ते घासतं.

दुसरा आकडा ७८ए, ८५ए असा असतो. तो कडकपणाचा. आकडा जितका मोठा, तितकं चाक कडक. दोन-दोन चाकांच्या जोड्या असलेल्या क्वाड स्केट्समध्ये हा फरक फार जाणवतो. आपल्या खडबडीत रस्त्यांवर ७८ए ते ८५एचं मऊ चाक बरं, ते हादरे सोसतं. गुळगुळीत रिंकवर ९० एच्या पुढची कडक चाकंही चालतात, पण तीच रस्त्यावर नेली तर पाय झिणझिणतात आणि चाक घसरतं.

बेअरिंगचं काय?

प्रत्येक चाकात दोन बेअरिंग, म्हणजे चार चाकांच्या स्केट्सच्या जोडीत १६. बहुतेक ठिकाणी ६०८ नंबरचं बेअरिंग बसतं: भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२ मिमी, जाडी ७ मिमी. काही क्वाड स्केट्सना ७ मिमीचा एक्सल असतो, म्हणून जुनं बेअरिंग दुकानात सोबत न्यावं.

पाकिटावरच्या 'एबेक ५', 'एबेक ९' या आकड्यांना भुलू नका. ते फक्त मापातला अचूकपणा सांगतात, पोलाद किती चांगलं ते नाही. धूळ भरलेल्या एबेक ९ पेक्षा स्वच्छ एबेक ५ कधीही बरं.

सफाई कशी करावी?

१. नट किंवा बोल्ट काढून चाक सोडवा. बेअरिंग ढकलून बाहेर काढा. दोन्हींच्या मधला स्पेसर हरवू देऊ नका.

२. रबरी झाकण असेल तर टाचणीने हलकेच उचला. पत्र्याचं झाकण बारीक रिंगने अडकवलेलं असेल तर आधी ती रिंग काढा. उघडत नसेल तर जबरदस्ती नको.

३. बेअरिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून हलवा. मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे ते असतं. ते पेट घेतं, म्हणून हे काम गॅसपासून दूर, मोकळ्या हवेत, मोठ्यांनीच करावं. पाण्याने धुऊ नये.

४. पूर्ण वाळल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब पुरेत. जास्त तेलाला धूळ चिकटते. खोबरेल तर नकोच, साधारण २४ अंशांखाली ते गोठतं आणि आपल्याकडे थंडीत सकाळी पारा त्याच्याही खाली जातो.

५. बोटावर फिरवून बघा. खरखर आली किंवा गंजाचे खड्डे दिसले तर ते बेअरिंग टाकून द्या.

चाकांची अदलाबदल

एका ओळीत चाकं असलेल्या इनलाईन स्केट्सची चाकं आतल्या बाजूने आधी झिजतात. म्हणून पहिलं चाक तिसऱ्याच्या आणि दुसरं चौथ्याच्या जागी घाला, आणि झिजलेली बाजू बाहेर येईल असं उलटवा. झीज सारखी होते, चाकं जास्त टिकतात. क्वाडचा नट मात्र गच्च आवळू नका. चाक सहज फिरेल पण डगडगणार नाही, इतपतच ठेवा.

शेवटचं सांगणं एवढंच. ओल्या रस्त्यावर स्केटिंग झालं तर त्याच दिवशी चाकं पुसून, सोडवून वाळवा. आणि मुलांना स्केट्स घालण्याआधी प्रत्येक चाक हाताने फिरवून बघायची सवय लावा. त्याला एक मिनिटही लागत नाही. आम्ही ती सवय लावली, पण मुलगी पडल्यावर.